फाट्यावरून सुटलेलं यान

देवगाव फाट्यावर गाड्यांच्या वेळा लिहायचा एक लाकडी फळा होता. तो काळा करणं, हे मी आणि कंट्रोलरनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम. बॅटरीचे जुने शेल फोडून त्यानं आतली काळी भुकटी काढली. मी माझ्या हाटेलामागच्या भोपळ्याच्या वेलाचा पाला तोडून आणला. तो भुकटी टाकायचा, मी पाल्यानं रगडायचो. ऊन कलत आलं होतं. गाडी कोणती यायची नव्हती.

"मामा, कोपरे सोडू नका," तो म्हणाला. "मला कोपऱ्यातच लिहायचं असतंय."

"मधी काय जागा न्हाई का?"

"मधली जागा सरकारची हाय."

दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. आमच्या मालकिणीनं राख दिली, वरून पाणी घातलं आणि "दोघं बी रेड्यावानी दिसायलेत" म्हणून हसली. फळा वाऱ्याला वाळायला लागला. तो पुरता वाळायच्या आत जीप आली.

जीपचं मागाहून सांगतो. आधी माणूस कसा होता ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुमी त्याला येडा समजाल. तसं सगळ्यांनी समजावं म्हणून मीच एकदा साक्ष दिलेली आहे, ते बी पुढं येईल.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मालकीण म्हणजे माझी बायको, ती सातवी पास होती. ती गेल्याला वर्ष होत आलं. ती असती तर हे तिनंच लिहिलं असतं, आणि मला न दाखवता कुठंतरी खोचून ठेवलं असतं.

यस्टीचा कंट्रोलर म्हणजे गाडी कवा आली, कवा गेली ते लिहिणारा माणूस. पत्र्याची केबिन, एक टेबल, एक शिट्टी, एक तक्रारपेटी. हा बदली होऊन आला त्या दिवसापासून मला त्याचा शक होता. फाट्यावर धंदा करणाऱ्याला शक करावाच लागतो. चारी दिशेनं माणूस येतं. कोण कुठलं, कशाला आलं, कुणाची वाट बघतंय, हे भजे तळता तळता बघायचं असतं. मी माणसाचं तोंड बघत नसतो, हात बघतो. तोंड खोटं बोलतं, हाताला तेवढी अक्कल नसते.

ह्याचे हात जमिनीवर असायचे. गाडीतून लोक उतरले की तिकिटं खाली टाकतात. ही तिकिटं तो वेचायचा. वाकून एक उचलायचा, आकडा बघायचा, आणि पुटपुटायचा. कधी "वाचला." कधी "गेला बिचारा." आणि तोंड एवढं पाडायचा की खरंच कुणी गेल्यासारखं. मला वाटलं, हा वापरलेली तिकिटं परत विकतो. मी एका कंडक्टरला गाठलं. कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात.

"मास्तर, ह्यो तिकिटाचा धंदा करायलाय. नजर ठिवा."

"अण्णा, फाटलेलं तिकीट कोण घेतंय? तुमी भजे तळा."

धंदा नाही तर मग काय, म्हणून मी आणखीन बघायला लागलो.

वैशाखात अंगात स्वेटर. विचारलं तर म्हणायचा, "बाहेर लय थंडी हाय मामा." बाहेर म्हणजे कुठं ते सांगायचा नाही. रिकामी गाडी फाट्यावर न थांबता निघून गेली तर तिला सलाम ठोकायचा. गाडीला उशीर झाला आणि लोक त्याच्या अंगावर धावून गेले की त्याचं एकच बोलणं: "लेट हाय, रद्द न्हाई." म्हाताऱ्या बाया त्याच्या तोंडाकडं बघायच्या आणि परत गाठोड्यावर बसायच्या. कुणी विचारलं, "गाडी गंगाखेडला कवा पोचंल?" तर म्हणायचा, "मुक्कामाचं इचारू नका. फुडचा थांबा इचारा."

आणि एक. पुढं ज्यानं आमाला चांद-चांदण्याचं, दुसऱ्या सूर्याचं सांगितलं तो हा माणूस, त्यानं कधी मान वर करून आभाळाकडं बघितलेलं मला आठवत नाही.

त्या काळी माझ्या हाटेलाच्या बाहेर खुंटीवर दोन कप वेगळे टांगलेले असायचे. सगळ्याच हाटेलात असायचे. कुणाचे ते सांगायला लागत नव्हतं, ज्याचं त्याला माहीत असायचं. कंट्रोलर एक दिवस आत येऊन आतल्या कपात चहा प्यायचा, दुसऱ्या दिवशी बाहेरचा कप काढून त्यात मागायचा, आणि विसळून परत टांगायचा. मी बेजार झालो. आतल्या गिऱ्हाइकांनी मला धारेवर धरलं, "अण्णा, ह्यो नेमका कोण हाय?" आडनाव विचारलं तर गावावरून पडलेलं, दोन्हीकडं बसणारं. एकानं हुशारी केली, त्याच्या मामाचं आडनाव विचारलं. कंट्रोलर म्हणाला, "मामाची गाडी लेट हाय. आली की सांगतो."

सगळे हसले. मी नाही हसलो. एवढं लपवतो म्हणजे काहीतरी असणार.

मग एका सकाळी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं निघालं. मला वाचायला वेळ लागतो, मालकिणीनं उभ्या उभ्या वाचलं: दूरच्या प्रवासाला माणसं पाहिजेत. येताना नाव, गाव, आडनाव आणू नये. इच्छा असल्यास तक्रारपेटीत चिठ्ठी टाकावी.

"ऊसतोडीची टोळी भरायलाय काय?" मी केबिनीत जाऊन विचारलं.

"न्हाई मामा. खेळ हाय."

"कसला? पत्ते न्हाईत, सोंगट्या न्हाईत."

त्यानं मला बसवलं आणि सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. पृथ्वी राहण्यासारखी उरलेली नाही. एक मोठं यान माणसं घेऊन निघालेलं आहे, दुसऱ्या सूर्याकडं. पोचायला सात पिढ्या लागणार. वाटेत आग लागली, आणि ज्या खोलीत सगळ्यांची नावं-गावं ठेवली होती ती खोली जळाली. आता कोण कुणाचा, कुणालाच माहीत नाही. नुसती ज्याची त्याची कामं राहिली. एक हवा सांभाळतो, एक बियाणं, एक सुकाणू, एक वैद्य. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, खूण काढायची. हवेची खूण थेंब, बियाण्याची पान, सुकाणूची चाक. कंट्रोलर चिठ्ठीत लिहिणार की यानात असं असं संकट आलं. ज्यानं त्यानं लिहून कळवायचं, मी हे करतो, मी ते करते. मग तो एक तिकीट उचलणार. शेवटचा आकडा सम आला तर जमलं, विषम आला तर फसलं. त्यावरून पुढचं लिहिणार.

"म्हंजे जिंकतंय कोण?"

"कुणीच न्हाई. यान चालत राहिलं म्हंजे झालं."

"पैसा?"

"न्हाई."

"मग खेळायचं काऊन?"

तो म्हणाला, "मामा, यानात तुमच्या हाटेलाला बाहेरच्या खुंट्या नसत्या."

मला ते झोंबलं. मी म्हणालो, "तुमचं यान तुमी चालवा. मला भट्टी हाय."

खेळ आहे हे काही मला पटलं नाही. मोठा माणूस, सरकारचा पगार खाणारा, बिनपैशाचा खेळ कशाला खेळेल? त्यात दिवस कसले होते. विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटलेला. आज ह्या रस्त्याला गाड्या बंद, उद्या त्या. काचा फुटलेली गाडी फाट्यावर यायची आणि कोणत्या गावाजवळ फुटली त्यावरून कुणी फोडली ते लोक आपसात ठरवून टाकायचे. माणूस माणसाकडं आधी आडनावानं बघायचा. हातात कागद दिसला की विचारायचे, कुणाचा हाय, काय लिव्हलंय. असल्यात ह्याच्या चिठ्ठ्या कंडक्टरच्या हातून वालूरच्या अंगाला, सेलूच्या अंगाला, आत खेड्यापाड्यात जायला लागल्या. कंडक्टर त्या गावच्या थांब्यावरच्या पाटीमागं खोचायचे. घेणारा येऊन घेऊन जायचा, उत्तर तिथंच खोचायचा. कोण घेतं, कंडक्टरला बी माहीत नाही. ते हे काम काऊन करायचे? कारण गाडीला उशीर झाला ते लिहायचं का नाही, हे कंट्रोलरच्या हातात होतं.

मी ठरवून टाकलं, हा खबऱ्या आहे. कुणाचा, तेवढं कळायचं राहिलं होतं. पोलिसाचा, का ह्या वस्तीचा, का त्या वस्तीचा.

एकदा आमच्या फाट्यावरच्या फळ्यामागं खोचलेली चिठ्ठी मी काढली. कंडक्टर यायच्या आधी आणून मालकिणीला दिली. ती कांदे चिरत होती. पदराला हात पुसून तिनं वाचली, कुठं अडकली नाही.

"पान. तिसऱ्या दालनात तुझा साथीदार अडकला हाय. त्याच्याकडं हवा थोडी राहिली. दार उघडलं तर थंडीनं तुझं बियाणं मरायचं भ्या हाय. न उघडलं तर तो मरंल. काय करतीस?"

"ह्याचा अर्थ काय?" मी म्हणालो.

"खेळ हाय म्हनं."

"तुला काय ठाव?"

"कंट्रोलर भाऊ सगळ्यालाच सांगायलेत की."

"मग उघडंल का ती दार?"

"उघडंल," ती म्हणाली. लगेच म्हणाली. "बियाणं काय, परत गोळा करता येतंय." मग चिठ्ठी होती तशी घडी करून माझ्या हातात दिली. "जिथून काढली तिथं खोचा. कुणाची तरी वाट बघणं चालू आसंल."

मला तिच्या लगेच म्हणण्याचा बी शक आला. पण कांद्यानं तिच्या डोळ्याला पाणी होतं. माणसाला कांद्यापुढं काय विचारणार?

आता जीपचं.

आतल्या एका गावचे जमीनदार होते, त्यांना सगळे मालकच म्हणायचे. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरच्या लेकीबाळी अजून नांदायलेत. ते स्वतः, त्यांचा धाकटा पोरगा आणि दोन गडी. फळ्याच्या काळ्याचा वास अजून येत होता. मालकांनी केबिनीच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. मी दुरूनच घडी ओळखली.

"ही आमच्या कणगीत सापडली," मालक म्हणाले. "कुणाला लिव्हलीस?"

"पानाला," कंट्रोलर म्हणाला.

"पान कोण?"

"यानात बियाणं सांभाळती ती."

धाकट्यानं टेबलावर हात आपटला. "यान मरू दे. नाव सांग."

"ठाव न्हाई. मला कुणाचंच नाव ठाव न्हाई. खेळाचा कायदाच तसा हाय."

"आन् ह्यो तिसऱ्या दालनातला? ज्याच्यासाठी दार उघडायचं हाय? कुठल्या वस्तीचा हाय त्यो?"

"ठाव न्हाई."

धाकट्यानं त्याच्या तोंडात दिली. कंट्रोलरची शिट्टी गळ्यातून तुटून माझ्या पायाशी आली. मी भट्टीवरून उठून केबिनीच्या दाराशी कवा आलो मला कळलं नाही.

"सुनेला इचारलं," मालक कुणाला म्हणून नाही असं बोलले, "तर ती म्हणती, मला वाचायलाच येत न्हाई. आन् बापानं साळा शिकवली म्हून सांगितलं होतं आमाला."

तेव्हा मला कळलं की हे सुनेचं आहे. मी त्यांचे हात बघितले. मालक ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा उलगडत होते, परत घडी घालत होते. त्या दिवसात असली गोष्ट एका घरात मिटत नसायची. सून विहिरीत सापडायची, आणि तिसऱ्या दालनातला कोण हे न कळताच दोन वस्त्या एकमेकींवर जायच्या. आणि त्या पोरीनं वाचता येत नाही म्हणून सांगितलं होतं. मार खाऊन सांगितलं असणार. तिनं बी कायदा पाळला होता.

गड्यांनी केबिनीतला डबा काढला. बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा. आत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, नाना तऱ्हेच्या अक्षराच्या.

"ही कुणाची अक्षरं?"

कंट्रोलरच्या ओठातून रक्त आलं होतं. त्यानं ते स्वेटरच्या बाहीला पुसलं. म्हणाला, "माझी."

"सगळी?"

"सगळी. पान मीच हाय. चाक मीच. तिसऱ्या दालनात बी मीच हाय. मला कुणी न्हाई मालक. मी एकटाच खेळतो."

खरं सांगितलं तेव्हा मार खाल्ला होता. हे खोटं सांगितलं तेव्हा चौघं एकमेकांकडं बघायला लागले. धाकटा हुशार होता. त्यानं डब्यातली एक चिठ्ठी उचलली, कंट्रोलरच्या नाकापुढं धरली. "लिहून दाखव. अशीच."

कंट्रोलरनं उजव्या हातानं लिहिलं, नाही जमलं. डाव्या हातानं लिहिलं. तो लिहीत होता आणि मी धाकट्याच्या हातातल्या चिठ्ठीकडं बघत होतो.

आमच्या हाटेलाच्या भिंतीवर दूध किती आलं, साखर कवा सरली, हे मालकीण कोळशानं लिहायची. तिची एक सवय होती. सगळी अक्षरं आधी लिहायची आणि वरची रेघ शेवटी एकदम ओढायची. ती रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढं वाहत जायची, शिवून झाल्यावर सुईत दोरा राहतो तशी. धाकट्याच्या हातातल्या चिठ्ठीत प्रत्येक ओळीला तो दोरा लोंबत होता. खाली एक थेंब काढलेला होता.

भिंत तिथून दहा पावलांवर. त्यानं मान वळवली असती तर झालं होतं.

मागं बघितलं नाही मी. ती भट्टीपाशी उभी असणार हे मला पाठीनंच कळत होतं.

"हाटेलवाले," मालक मला म्हणाले, "तू रोज हितं असतोस. ह्यो येडा हाय का लबाड?"

एवढी वर्षं मी त्या माणसाच्या हाताकडं बघत आलो होतो. एक एक गोष्ट मनात साठवून ठेवली होती, कधीतरी पकडून देता येईल म्हणून. ती सगळी मी त्या दिवशी काढून मालकांपुढं ठेवली.

"मालक, येडा हाय. तिकिटं येचतंय आन् त्येच्याशी बोलतंय, ह्या मास्तर लोकाला इचारा. वैशाखात स्वेटर घालतंय. रिकाम्या गाडीला सलाम करतंय. एक दिवस आतल्या कपात पितंय, एक दिवस बाहेरच्या. आपण कोण हाव हे त्याचं त्याला ठाव न्हाई, ते तुमच्या घरचं काय जाणणार?"

"मग चिठ्ठी आमच्या कणगीत कशी आली?"

"माझ्या शेवेच्या पुड्यात टाकतंय. दोनदा धरलं मी. बाजारच्या दिवशी तुमच्या घरी शेव नेत न्हाईत का?"

मालकांनी पोराकडं बघितलं. पोरगा म्हणाला, "आई नेती की."

मालकांच्या तोंडावरचा ताण एकदम उतरला. त्यांना बी घरी न्यायला काहीतरी पाहिजेच होतं. पण धाकट्याच्या हातातली चिठ्ठी अजून खाली आली नव्हती. मी ती त्याच्या बोटातून काढून घेतली, डबा काखेत मारला आणि म्हणालो, "येड्याचा कचरा कशाला वागवता? माझ्या भट्टीत लय जागा हाय." सगळा डबा भट्टीत उलटा केला. मालकीण बाजूला सरली. कागद तो, भकदिशी पेटला.

"उद्या ह्यो माणूस फाट्यावर दिसला न्हाई पाहिजे," मालक म्हणाले, आणि जीप गेली.

कंट्रोलर तोंड धुऊन भट्टीपाशी येऊन बसला. राखेकडं बघून म्हणाला, "नावाची खोली परत जळाली, मामा."

मी म्हणालो, "गप बसा आता."

मालकिणीला मी काही विचारलं नाही. तिनं काही सांगितलं नाही. पुढं रस्ता रुंद झाला, हाटेल पडलं, कोळशाची भिंत गेली. आता तिच्या हातचं एक अक्षर माझ्यापाशी नाही. जे होतं ते मीच भट्टीत घातलं, आणि घातलं ते बरोबर घातलं. तरीबी कधी कधी वाटतं, एक चिठ्ठी बघायला पाहिजे होती. तिनं हवेचं काय केलं, कुणाला दिली, किती राखली. त्या माणसाला ती काय लिहायची. हा शक काही गेला नाही, आणि आता कुणाला विचारणार?

तिला दम्यानं नेलं. भट्टीच्या धुराचा दमा. परभणीच्या दवाखान्यात खिडकीकडंची खाट मिळाली होती. बोलायला तिला जड जायचं. एका दुपारी खिडकीतून बघत म्हणाली, "आवं, यान कुठवर आलं आसंल?"

एवढ्या वर्षात तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा निघाला. मी तिच्या पायाला तेल लावत होतो. म्हणालो, "लेट हाय. रद्द न्हाई."

ती हसली. हवा सांभाळायचं काम होतं तिचं, आणि तिलाच पुरली नाही.

राहिलं त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

पहिल्या गाडीच्या आधी कंट्रोलर आला. ओठ सुजलेला, अंगात तोच स्वेटर, हातात पिशवी. त्यानं चहा मागितला. मी बाहेरच्या खुंटीकडं बघितलं, दोन्ही खुंट्या रिकाम्या. कप कुणी आत नेले ते मी विचारलं नाही. मालकिणीनं हाताला लागला त्या कपात चहा दिला, तो प्याला. मग खडू घेऊन फळ्यापाशी गेला. आदल्या दिवशीच काळा केलेला फळा, खडू असा उठला की रस्त्यापलीकडून दिसावा. ह्या वेळी त्यानं कोपऱ्यात लिहिलं नाही. मधोमध लिहिलं, सेलूच्या आणि जिंतूरच्या गाड्यांच्या मधल्या सरकारच्या जागेत.

दूरच्या प्रवासाचं यान मुक्कामी पोचलं. सगळे सुखरूप. ज्यानं त्यानं पोच द्यावी.

उरलेला खडू त्यानं माझ्या कपांच्या फळीवर ठेवला. केबिनीची किल्ली माझ्या हातात दिली. मी तुटलेली शिट्टी त्याच्या हातात दिली.

"कुठं निघालात साहेब?"

"फुडचा थांबा, मामा."

गाडी आली, तो चढला, गेला. पुन्हा तो माणूस मला दिसला नाही.

गाडीची धूळ बसायच्या आत मालकिणीनं फळीवरचा खडू उचलला. फाट्यावर चार-दोन माणसं होती. मी घमेलं घेऊन मधी उभा राहिलो, त्यांच्याकडं तोंड आणि फळ्याकडं पाठ करून, आणि भजे गरम असल्याचं जरा मोठ्यानं सांगितलं. पाठीमागं खडूचा आवाज आला. ती परत भट्टीपाशी गेल्यावर मी बघितलं. एक थेंब, पुढं लिहिलेलं, पोच. आणि वरची रेघ वाहत गेलेली.

आतल्या गावची गाडी आली. त्यातून कालचा धाकटा उतरला. मागं डोक्यावरून पदर ओढलेली बाई, हातात गाठोडं. भावजयीला माहेरी सोडायला निघाला होता. तिला गंगाखेडच्या अंगाला जायचं, गाडी इथं बदलावी लागते. धाकट्यानं फळ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "येडं जाता जाता लिहून गेलं." तो हसला. मी बाकडं फिरवलं, फळ्याकडं पाठ येईल असं, आणि त्याला बसवलं. भज्याची ताटली दिली, मिरची दिली, शेवेच्या पुड्यातल्या चिठ्ठीबद्दल त्याच्या आईची माफी मागितली. त्यानं आणखीन मिरची मागितली. मालकीण पाण्याचा तांब्या घेऊन बाईकडं गेली.

मी कढईत बघत राहिलो. जन्मभर लोकांचे हात बघितले, त्या वेळेपुरतं तेल बघितलं.

त्यांची गाडी गेल्यावर मान वर केली तर थेंबाच्या खाली एक पान काढलेलं होतं. वाकडंतिकडं, घाईचं. देठ सुद्धा होता.

दुपारच्या गाडीनं बदलीचा कंट्रोलर आला. टोपी काढली, घाम पुसला आणि फळ्यापुढं उभा राहून वाचायला लागला. तोवर फळ्यावर एक चाक आलं होतं, आणि दुसऱ्या एका अक्षरात नुसतंच तीन लिहून पुढं पोच. ती कुणी आणि कवा लिहिली ते मी बघितलं नव्हतं.

"सरकारी फळ्यावर हे काय लिव्हून ठिवलंय?" म्हणत त्यानं केबिनीतलं फडकं उचललं.

मी भट्टीवरून उठलो आणि त्याच्या आणि फळ्याच्या मधी जाऊन उभा राहिलो.

"साहेब, फळा कालच काळा केलाय," मी म्हणालो. "अजून वला हाय. हात लावू नका."